घोडे, बैल आणि वाळलेला बुंधा : छूफूच्या मार्गदर्शित फेरीचे परीक्षण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई शांघायला माझ्याकडे आली असताना आम्ही दोघांनी छूफू येथे एका स्थानिक संस्थेची दिवसभराची मार्गदर्शित फेरी घेतली. शानडोंग प्रांतातील छूफू हे कन्फ्यूशियसचे गाव. त्याचे मंदिर, त्याच्या वंशजांचा वाडा आणि त्या कुळाची दफनभूमी ही तिन्ही स्थळे १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि ती एका दिवसात दाखवून संध्याकाळच्या गाडीला सोडणाऱ्या फेऱ्यांची तेथे वाण नाही. ही फेरी निवडली ती तिच्या विषयामुळे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणूस आणि निसर्ग यांचे नाते कसे मानले आहे, हे त्या त्या जागी उभे राहून समजावून सांगू, असे संस्थेच्या जाहिरातीत म्हटले होते. सहा जणांचा गट, इंग्रजी बोलणारी मार्गदर्शक, निवडक उताऱ्यांची छापील पुस्तिका, दुपारचे जेवण आणि शेवटी नदीकाठी एक तास, एवढ्याचे माणशी सहाशे युआन घेतले. प्रवेशतिकिटे त्यात धरलेली नाहीत, हे मात्र आम्हांला आदल्या रात्री कळले. संस्था लहान आहे आणि माझे मत एकाच दिवसाच्या अनुभवावर बेतलेले आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

शांघायहून जलदगती रेल्वेने छूफू पूर्व स्थानकापर्यंत तीन-साडेतीन तास लागतात. स्थानक जुन्या गावापासून दूर आहे, परंतु गाडी वेळेवर घ्यायला आली होती आणि चालकाने आईचा हात धरून तिला गाडीत बसवले. व्यवस्थेच्या या बाजूबद्दल तक्रारीला जागा नाही.

फेरीची सुरुवात मंदिरात झाली, आणि येथे मार्गदर्शक बाईंनी केलेली निवड मला आवडली. बहुतेक गट ज्या मुख्य सभामंडपाकडे धाव घेतात, त्याच्या दगडी खांबांवरचे ड्रॅगन नंतर पाहू असे सांगून त्यांनी आम्हांला आधी ता-छंग दरवाज्याच्या आत पूर्वेला उभ्या असलेल्या एका ज्युनिपरपाशी नेले. हे झाड खुद्द कन्फ्यूशियसने लावले अशी श्रद्धा आहे. ते अनेकदा वाळले, जळाले आणि पुन्हा फुटले. आज जे उभे आहे ते १७३२ मध्ये जुन्या बुंध्यातून वर आलेले आहे. साल दोरखंडाला पीळ द्यावा तशी वळत वर गेली आहे आणि फांद्यांचा पसारा फार उंचावर सुरू होतो, त्यामुळे मान मागे टाकल्याशिवाय पाने दिसत नाहीत. झाड बहरले की खुंग घराण्याची, म्हणजे कन्फ्यूशियसच्या कुळाची, भरभराट आणि झाड वाळले की घराण्याला उतरती कळा, असे पूर्वी मानीत. माणसाचे आणि झाडाचे नशीब एकमेकांना बांधून ठेवण्याची ही कल्पना समजायला सोपी आहे आणि मार्गदर्शक बाईंनी ती चार वाक्यांत, आवाज न चढवता सांगितली.

त्यानंतर मात्र त्यांनी पुस्तिकेचे पहिले पान उघडायला सांगितले आणि फेरीच्या मुख्य दोषाशी आमची गाठ पडली. त्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘थ्येन-रन ह-यी’ हा शब्दप्रयोग होता. ‘थ्येन’ म्हणजे आकाश, पण नुसते डोक्यावरचे आकाश नव्हे. ऋतू फिरवणारी, पिके उगवणारी आणि राजाला अधिकार देणारी जी व्यवस्था आहे, तीही त्यात येते. ते आकाश आणि माणूस एकच आहेत, असा त्या चार अक्षरांचा अर्थ. दिवसभरात हा शब्दप्रयोग आम्ही किमान दहा वेळा ऐकला असेल: ज्युनिपरपाशी, वाड्याच्या अंगणात, जेवणाच्या टेबलावर आणि बॅटरीच्या गाडीतून उतरतानासुद्धा. अडचण अशी, की तो कन्फ्यूशियसचा नाहीच. कन्फ्यूशियस इ.स.पू. ४७९ मध्ये वारला. हे शब्द या रूपात रूढ झाले ते अकराव्या शतकातील चांग त्साय या विचारवंतापासून, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांनंतर. आकाश माझा पिता, धरणी माझी माता, सगळी माणसे माझी भावंडे आणि सगळ्या वस्तू माझ्या सोबती, असे चांग त्सायने लिहिले. ते उदात्त आहे, आणि आजच्या पर्यावरणाच्या भाषेत चटकन बसते, म्हणून फलकांवर, भाषणांत आणि फेऱ्यांच्या जाहिरातींत तेच आधी येते. चीनच्या राज्यघटनेत २०१८ मध्ये ‘पर्यावरणीय सभ्यता’ या संकल्पनेचा समावेश झाला, त्यानंतर तर अशा वचनांना सरकारी आश्रयही मिळाला. त्या भाषेने जुन्या विचाराची सुरुवात मात्र झाकली जाते.

सुरुवात पाहायची तर कन्फ्यूशियसच्या संवादांत निसर्गाविषयी सिद्धान्त जवळजवळ नाही, सवयी आहेत. तो गळाने मासे धरीत असे, पण प्रवाहात आडवे जाळे लावीत नसे. दोरी बांधलेल्या बाणाने पक्षी मारीत असे, पण विसाव्याला टेकलेल्या पक्ष्यावर बाण सोडीत नसे. एवढेच. त्याने मासे सोडले नाहीत, शिकारही सोडली नाही. हाव कोठे थांबवायची ती रेघ तेवढी ओढली, आणि तीही कोणाला उपदेश न करता. हा उतारा पुस्तिकेत दुसऱ्या पानावर होता, त्याचे भाषांतरही नेटके होते. पण त्याच संवादांत तबेल्याला आग लागल्याची गोष्ट आहे. कन्फ्यूशियस दरबारातून परतला आणि त्याने विचारले, कोणा माणसाला इजा झाली का. घोड्यांची चौकशी त्याने केली नाही. ही गोष्ट पुस्तिकेत नव्हती. मी विचारले तेव्हा मार्गदर्शक बाई थोड्या अवघडल्या आणि म्हणाल्या, की विषय निसर्गाचा असल्यामुळे ती घेतली नसावी. खरे तर विषय निसर्गाचा आहे म्हणूनच ती घ्यायला हवी होती. घोडा त्या काळी नोकरापेक्षा महाग मालमत्ता होता आणि दरबारातून आलेल्या मालकाने आधी माणसांची विचारपूस केली, हा त्या गोष्टीचा रोख आहे. तरीही घोड्यांचे काय, हा प्रश्न पुढच्या वाचकांना इतका टोचला, की काही टीकाकारांनी वाक्यातला विराम एक अक्षर पुढे सरकवला आणि त्याने माणसांची विचारपूस करून मग घोड्यांचीही केली, असा अर्थ काढून दाखवला. ज्या परंपरेला आपल्याच गुरूच्या वाक्याची फोड बदलावीशी वाटते, तिच्या मनात जनावरांविषयी काहीतरी चाललेले असते. ते पर्यटकाला दाखवायला लाजायचे कारण नाही.

वाड्यात आम्ही तासभर होतो. आतल्या दरवाज्यालगतच्या भिंतीवर ‘थान’ नावाचा एक काल्पनिक प्राणी रंगवला आहे. ‘थान’ म्हणजे लोभ. पायाशी सगळी रत्ने पडलेली असताना तो जबडा वासून सूर्य गिळायला निघाला आहे. कुलप्रमुखाने घराबाहेर पडताना तो पाहावा अशी योजना होती. वाड्यातले बाकीचे दालन-वर्णन कोणत्याही फेरीत मिळते.

दुपारचे जेवण खुंग घराण्याच्या पाककलेवर बेतलेले असेल असे सांगितले होते आणि त्यातली एक गोष्ट खरोखर तशी होती. मंदिराच्या परिसरातील ‘काव्य आणि विधी’ दालनासमोर सोंग काळातले मानले जाणारे गिंकोचे वृक्ष आहेत. त्यांच्या आठवणीने ‘काव्य-विधी गिंको’ नावाचा पदार्थ करतात. गिंकोचे गर मधाच्या पाकात शिजवलेले असतात. रंग जुन्या सोन्यासारखा, चव किंचित कडवट, आणि खाण्याचा पोत उकडलेल्या फणसाच्या आठळीच्या जवळचा. आईने ही उपमा दिली आणि ती चपखल आहे. गिंकोचे गर फार खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला मोजकेच वाढले होते, आणि का ते सांगितलेही. मात्र जेवणाच्या शेवटी कलिंगड आले. नोव्हेंबरमध्ये, बाहेर अंगात दोन स्वेटर असताना, कलिंगड. ज्या पुस्तिकेच्या पाचव्या पानावर कन्फ्यूशियस अवेळी असलेले काही खात नसे असे छापले होते, तीच पुस्तिका ताटाशेजारी उघडी पडलेली होती. हा आक्षेप कोणाला किरकोळ वाटेल, पण काळवेळ ही या विचारातली गौण बाब नाही. माझ्या मते तोच त्याचा कणा आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

जेवताना मार्गदर्शक बाईंनी मेन्शियसची बैलाची गोष्ट सांगितली आणि ती दिवसातली उत्तम कथनाची वेळ होती. मेन्शियस हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत, छूफूच्या दक्षिणेला लागून असलेल्या त्सौ या जुन्या राज्यातला, कन्फ्यूशियसनंतर सुमारे शतकाने जन्मलेला. छी राज्याच्या राजाने एकदा बळीसाठी नेला जाणारा बैल पाहिला. भीतीने त्याचे अंग थरथरत होते. राजाला ते पाहवेना. बैल सोडा, त्याच्या जागी मेंढरू न्या, असा त्याने हुकूम दिला. मी ही गोष्ट आईला मराठीत सांगितली. ती साताऱ्याकडची, शेतकरी घरातली. बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावणाऱ्या पिढीतली. ती म्हणाली, “म्हणजे बैल वाचला आणि मेंढरू गेलं. मग राजाची दया कसली?” मी ते भाषांतर करून सांगितल्यावर मार्गदर्शक बाई हसल्या आणि म्हणाल्या, की राज्यातल्या लोकांनीही अगदी हेच म्हटले होते, राजा कंजूष आहे, महागडा बैल वाचवून स्वस्त मेंढरू दिले, अशी कुजबुज झाली. मेन्शियसचे उत्तर असे, की राजाने बैल पाहिला होता आणि मेंढरू पाहिले नव्हते. दया नजरेसमोरच्या जिवापासून सुरू होते. ती तेथे उमटली हे महत्त्वाचे, कारण तीच पुढे न पाहिलेल्या प्रजेपर्यंत नेता येते. आपल्या माणसांवर माया, सर्व माणसांविषयी माणुसकी आणि इतर जीव व वस्तूंविषयी जपणूक, अशा तीन वेगवेगळ्या पायऱ्या त्याने मांडल्या आहेत, आणि त्या जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या आहेत. आईला हे पटले. घरच्या बैलाला आणि रानातल्या सशाला एकच माया कशी लागेल, असे ती म्हणाली, आणि गिंकोचा शेवटचा गर तिने माझ्या ताटलीत टाकला.

दुपारी दफनभूमीकडे निघालो. जुन्या गावाच्या उत्तर वेशीपासून दफनभूमीच्या दरवाज्यापर्यंत सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सरळ रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना जुने सायप्रस उभे आहेत. त्या रस्त्याने पायी जाणे हाच खरा प्रवेश होता, आणि जाहिरातीत तसे लिहिलेही होते. प्रत्यक्षात गटाला बॅटरीच्या गाडीत बसवले. आईच्या गुडघ्यांसाठी ही सोय आहे असे आधी सांगितले, पण आईला चालायचे होते, तिने तसे म्हटलेही. मग कळले, की वेळ कमी पडतो आहे. गाडी इतकी वेगात गेली की झाडांचे खांबांसारखे पट्टे झाले. आत गेल्यावरही अर्धी वाट गाडीनेच नेणार होते. तेथे आम्ही दोघे उतरलो आणि मार्गदर्शक बाईंनी उरलेल्या चौघांची संमती घेऊन सर्वांनाच चालत नेले. हा त्यांचा मनाचा मोठेपणा. संस्थेच्या नियोजनात तो धरलेला नव्हता.

खुंग-लिन, म्हणजे खुंगांचे वन, ही जवळपास दोनशे हेक्टरांची कुंपणभिंतीच्या आतली जागा आहे. एक लाखाहून अधिक वंशज येथे पुरलेले आहेत. कबरींचे उंचवटे गवताखाली गेले आहेत, मधून मधून लेखांकित शिळा आणि दगडी मेंढे, वाघ, पहारेकरी उभे आहेत, आणि या सगळ्यावर सायप्रस, ओक, एल्म, मेपल यांची दाट छाया आहे. कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर शिष्यांनी आपापल्या प्रांतातून झाडे आणून येथे लावली, अशी परंपरा सांगतात. आई आत शिरताच म्हणाली, “ही तर देवराईच.” मलाही तसेच वाटले होते, तरीही पाय रोवून उभे राहिल्यावर फरक जाणवतो. आपल्या देवराईतली काडी देवाची असते, म्हणून माणूस तेथून हात राखून असतो. येथील वन पूर्वजांचे आहे आणि ते माणसांनीच लावले, वाढवले, मोजले. त्याची वही म्हणजे वंशावळ. निसर्ग माणसाविना पूर्ण, ही कल्पना या जागेला मानवत नाही. कन्फ्यूशियसच्या नातवाच्या नावावर जो ग्रंथ परंपरेने सांगितला जातो, त्यात म्हटले आहे, की जो आपला स्वभाव पूर्णत्वाला नेतो तो इतरांचा, मग इतर वस्तूंचाही नेऊ शकतो, आणि आकाश व धरणी यांच्या घडवण्याच्या कामाला हातभार लावून त्या दोघांबरोबर तिसरा म्हणून उभा राहतो. तो नातू आजोबांच्या कबरीपासून काही पावलांवर पुरलेला आहे. पुस्तिकेत हा उतारा होता आणि तो कबरीसमोर वाचला गेला. जागा आणि मजकूर यांचा मेळ दिवसभरात येथेच सर्वांत नीट बसला.

कन्फ्यूशियसच्या कबरीवरची मोठी शिळा दुरून अखंड दिसते. जवळ गेले की सांध्यांच्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात. नोव्हेंबर १९६६ मध्ये रेड गार्डनी, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांच्या तुकड्यांनी, ती फोडली, कबरी उकरल्या. नंतर तुकडे जोडून ती पुन्हा उभी केली. मार्गदर्शक बाईंनी वर्ष सांगितले आणि त्या पुढे गेल्या. मी त्यांना दोष देत नाही.

कबरीजवळच एका लहान मंडपाखाली एक वाळलेला बुंधा जपून ठेवला आहे. हा त्सी-कुंग या शिष्याने लावलेल्या झाडाचा, असे मानतात. बाकीचे शिष्य तीन वर्षे सुतक पाळून घरी गेले, त्सी-कुंग आणखी तीन वर्षे कबरीशेजारी झोपडी बांधून राहिला, आणि ती जागाही दाखवतात. झाडाला तेथे ‘खाय’ म्हणतात, जे मराठी कानाला गमतीचे वाटते; ते पिस्त्याच्या कुळातले आहे आणि शरद ऋतूत त्याची पाने तांबडी होतात. त्याच अक्षराचा दुसरा अर्थ आदर्श, नमुना असा आहे. चिनी लिपीतल्या वळणदार, नमुनेदार अक्षराच्या पद्धतीलाही तेच अक्षर लावतात. बुंधा आता दगडासारखा राखाडी झाला आहे, त्याच्या भेगांत धूळ आणि एक-दोन तांबडी पाने अडकली होती, ती शेजारच्या जिवंत खायची. आईने हात जोडले. झाडाला की गुरूला, ते मी विचारले नाही.

येथे मार्गदर्शक बाईंनी मेन्शियसचा आणखी एक उतारा वाचला, तो वृषभ-टेकडीचा. छी राज्याच्या राजधानीजवळची ती टेकडी एकेकाळी झाडांनी सुंदर होती. मोठ्या शहराच्या वेशीवर असल्यामुळे कुऱ्हाडी चालल्या. रात्री दव पडून कोवळे फुटवे येत, ते गुरे-मेंढ्या चरून जात. आज ती बोडकी आहे आणि लोकांना वाटते, की तिच्यावर झाडे कधी नव्हतीच. मेन्शियसने हे माणसाच्या मनाविषयी सांगितले आहे, आणि बाईंनीही ते तसेच सांगून पुस्तिका मिटली. मला येथे थांबावेसे वाटले. उपमा मनाची असली तरी टेकडी खरी होती, आणि इसवी सनाच्या तीन-चारशे वर्षे आधी डोळ्यांदेखत बोडकी झाली होती. पुढे काय झाले तेही नोंदलेले आहे. अकराव्या शतकातल्या शन खुओ या जिज्ञासू अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की छी आणि लू या प्रदेशांतली पाइनची वने आता संपली आहेत. लू म्हणजे हेच, छूफूचे राज्य. त्याने ही नोंद शाईच्या संदर्भात केली आहे. चिनी शाई पाइनच्या काजळीपासून करीत, आणि दगडातून झिरपणाऱ्या तेलाच्या काजळीची शाई त्याने स्वतः करून पाहिली होती. वने संपण्याची कारणे शाईपुरती नव्हती. सरपण, इमारती, शेती, सगळेच होते. तरीही अवेळी झाड तोडू नये हे वचन ज्या शाईने पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले, ती शाई त्याच प्रदेशातल्या पाइनची होती, ही गोष्ट या बुंध्यापाशी उभे राहून सांगण्यासारखी आहे. वचन आणि वन यांतले अंतर दाखवले असते तर चांग त्सायच्या ओळीलाही वजन आले असते.

आता काळवेळेविषयी. मेन्शियस राजाला सांगतो, की नांगरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नका, बारीक विणीचे जाळे तळ्यात टाकू नका, कुऱ्हाड योग्य वेळीच रानात जाऊ द्या. मग धान्य, मासे आणि लाकूड खाऊन-वापरून सरणार नाहीत आणि प्रजेला जिवंतांचे पोषण व मृतांचे अंत्यविधी मनाला रुखरुख न लागता करता येतील. मृतांचे विधी येथे का आले, याचे एक उत्तर खुंग-लिनमध्ये पायाखाली आहे: शवपेटीला लाकूड लागते. जुन्या विधिग्रंथांत महिन्यांचे नियम आहेत. वसंताच्या पहिल्या महिन्यात झाडे तोडू नयेत, घरटी पाडू नयेत, पिल्ले मारू नयेत. आणि एक झाड अवेळी तोडणे, एक जनावर अवेळी मारणे हा आई-बापांविषयीचा अनादर होय, असेही तेथे म्हटले आहे. निसर्गाशी एकरूप होण्याची भाषा यांत कोठेच नाही. कुऱ्हाड आहे, जाळे आहे, आणि ती कधी खाली ठेवायची याची तारीख आहे. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला विचारवंत, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला शुन-त्सी, याचे उदाहरण तर निर्णायक मानावे लागेल. आकाश चांगल्या राजासाठी टिकत नाही आणि वाईट राजासाठी मोडत नाही, त्याची स्तुती करत बसण्यापेक्षा त्याचे नियम जाणून त्यांचा उपयोग करून घ्या, असे सांगणारा हा परखड माणूस. त्याला आकाशाच्या ममतेचे मुळीच प्रेम नव्हते, तरी झाडे फुलत-वाढत असताना कुऱ्हाड आणि मासे विणीवर असताना जाळे व विष आत जाऊ देऊ नये, हा नियम त्यानेही तसाच लिहिला. शुन-त्सीचा एकही उतारा पुस्तिकेत नव्हता. ज्याने फलकावर लिहिण्याजोगे काही म्हटले नाही त्याला वगळायचे, असे धोरण दिसते.

याच्या उलट, फेरीतला सर्वोत्तम क्षण पुस्तिकेबाहेरचा होता. परतताना वाटेच्या कडेला एका पडक्या छपराची कौले पडली होती. मार्गदर्शक बाईंनी एक फुटके कौल उचलले आणि विचारले, हे फुटलेले पाहून तुम्हांला काही वाटते का. मग त्यांनी वांग यांगमिंग (१४७२–१५२९) या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताची पायऱ्यांची मांडणी सांगितली. विहिरीत पडू पाहणारे मूल पाहून जीव कळवळतो; ते आपल्याच जातीचे, म्हणून कोणी म्हणेल. पण पक्षी-प्राण्यांचा आक्रोश ऐकूनही आत हलते, आणि त्यांनाही जाणीव असते असे म्हणता येईल. मोडलेले झाड पाहूनही हळहळ वाटते, ते सजीव तरी असते. पण फुटलेले कौल आणि चिरडलेला दगड पाहूनही जी चुकचुक होते, तिचे काय? तेव्हा माणसाचे मन कौलासकट सगळ्यांशी एका शरीरासारखे जोडलेले आहे, असा त्याचा निष्कर्ष. बाईंनी कौल पुन्हा होते तेथे, होते तसेच ठेवले. पायऱ्याही राहिल्या आणि एकशरीराची जाणीवही आली. सकाळपासून दहा वेळा ऐकलेल्या घोषणेचा अर्थ मला त्या कौलावरून कळला. माझी खात्री आहे, की त्यांना मोकळीक दिली तर ही फेरी दुप्पट चांगली होईल.

ती मोकळीक त्यांना नाही, हे संध्याकाळी दिसले. नदीकाठच्या तासाऐवजी गाडी एका दुकानात नेऊन उभी केली. खायच्या लाकडाचे कोरीवकाम हा छूफूचा जुना आणि नावाजलेला कसब आहे; हातकाठ्या, मूठवळणाची शोभेची दंडिका, पेट्या, सगळे देखणे. लाकूड कोठून येते, असे मी विक्रेत्याला विचारले तर त्याने किंमत सांगितली. पुन्हा विचारले तर कमी किंमत सांगितली. चाळीस मिनिटे तेथे गेली. यी नदीच्या काठावर आम्ही पोहोचलो तेव्हा दहा मिनिटे उरली होती आणि उजेडही संपत आला होता. कन्फ्यूशियसने एकदा चार शिष्यांना विचारले, की तुमची किंमत कळली तर काय कराल. तिघांनी राज्यकारभाराच्या महत्त्वाकांक्षा सांगितल्या. चौथा, त्सङ त्येन, हातातले तंतुवाद्य खाली ठेवून म्हणाला, की वसंताच्या अखेरीस, नवे कपडे झाल्यावर, पाच-सहा मित्र आणि सहा-सात मुले घेऊन यी नदीत न्हावे, पावसाच्या यज्ञाच्या चौथऱ्यावर वारा खावा आणि गात घरी यावे. गुरूने सुस्कारा टाकला आणि म्हणाला, मी याच्या बाजूचा. हा उतारा नदीकाठी वाचायचा म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ठेवला होता. तो गाडीत, दिवा लावून वाचला गेला.

मोल केले तर पाचांपैकी साडेतीन. मार्गदर्शक बाईंना पाच, पुस्तिकेला तीन, नियोजनाला दोन. कन्फ्यूशियस मुळीच न वाचलेल्या माणसाला येथून बरेच काही मिळेल. वाचलेल्याला काही जागी चिडचिड होईल, पण ज्युनिपर आणि बुंधा यांच्यासाठी तीही सोसण्यासारखी आहे. जाणार असाल तर तीन गोष्टी आधी लेखी ठरवून घ्या: सायप्रसच्या रस्त्याने पायी जायचे, दुकान नको, आणि नदीवर उजेडी पोहोचायचे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर वाडा थोडक्यात आटपा आणि वेळ वनाला द्या; बसायला दगडी बाक आहेत, पाणी मात्र जवळ ठेवावे लागते. शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगितले तर मिळते, आम्हांला मिळाले.

परत आल्यावर मी संस्थेला तबेल्याची गोष्ट, शुन-त्सी आणि शन खुओ यांच्याविषयी सविस्तर लिहिले. दोन दिवसांत सभ्य उत्तर आले. शाईची हकीकत पुढच्या छपाईत घेऊ, दुकानाची वेळ कमी करू, असे त्यात होते. घोड्यांविषयी मात्र लिहिले होते, की ती गोष्ट पाहुण्यांच्या मनात गैरसमज निर्माण करील.